पोटावर पडून बघायची फुलं

"या वर्षी फुलंच नाहीत म्हणे," उंच म्हातारा गाडीतून उतरता उतरता म्हणाला. "आम्ही तीन तास गाडी हाकत आलोय."

"आहेत," एर्लिंडा म्हणाली. "पण चालावं लागेल."

कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी अकरा माणसं उभी होती. मार्चमधली सकाळ, आठाचा सुमार. वाळवंटातली फुलं दाखवायची ही फेरी दरवर्षी एक निवृत्त प्राध्यापक नेत असत. यंदा त्यांच्या पाठीत उसण भरली, म्हणून फेरी एर्लिंडाकडे आली होती. आदल्या दिवशी उद्यानाच्या कार्यालयातल्या यारेलीने तिला फोन केला होता. 'दोन्या एर्लिंडा, आपण रद्दच करू या,' असं तिचं म्हणणं होतं; 'दोन्या' म्हणजे बाई, यारेली तिला मानाने तसं म्हणे. पाऊस नाही, फुलं नाहीत, लोक चिडतील आणि तक्रारी लिहून जातील. फेरी तुझ्या यादीतून खोड हवं तर, पण मी सकाळी तिथे असेन, असं सांगून एर्लिंडाने फोन ठेवला होता.

उंच म्हाताऱ्याचं नाव हॅल्व्हर्सन. त्याच्या हातातल्या पुस्तकात डोंगरच्या डोंगर पिवळ्याजांभळ्या फुलांनी झाकलेले होते. समोर मात्र मातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या, वाळत घातलेल्या कातड्यासारख्या सुरकुतलेल्या. वाटेत एर्लिंडा एकेका झुडपाचं नाव सांगे, शास्त्रीय नावासकट, आणि हॅल्व्हर्सन पानं उलटून ते ताडून बघे. तासाभरात तिचं एकही नाव चुकलं नाही. शेवटी पुस्तक मिटून त्याने विचारलं,

"कुठल्या विद्यापीठात शिकलात?"

"खोली नंबर बारा ते चोवीस."

लोक हसले. मग तिने चालता चालता सांगितलं. गावातल्या चौकातल्या मोटेलमध्ये तिने अठ्ठावीस वर्षं खोल्या झाडल्या. फुलं बघायला येणारी माणसं उशाखाली पुस्तकं विसरून जात. महिनाभर कुणी मागायला आलं नाही की मालक म्हणे, घेऊन जा. इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून तिने ती वाचली. पण बहराच्या दिवसांत मोटेल गच्च भरलेलं. अठ्ठावीस वसंत गेले, आणि तिने फुलं पाहिली ती न्हाणीघरातल्या दात घासायच्या पेल्यात, पाहुण्यांनी खुडून ठेवलेली, माना टाकलेली. नोकरी सुटली त्या वसंतात मात्र ती सलग सात दिवस एकटी इथे चालत आली होती.

हॅल्व्हर्सनने पुस्तक पिशवीत टाकलं.

उन्हं चढल्यावर ते टेकड्यांमधल्या एका खोलगट जागी पोचले. चहूकडे भेगाळलेली माती. सोबतच्या दोघी बहिणींपैकी धाकटी हळूच म्हणाली की इथे तर काहीच नाही.

एर्लिंडाने टोपी काढली, गुडघे टेकले आणि सरळ मातीत पालथी पडली. "या," ती म्हणाली. "ही पोटावर पडून बघायची फुलं आहेत."

धाकटी बहीण आधी आडवी झाली, आणि तिच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. मग थोरली, मग बाकीचे. भेगांच्या कडेने शर्टाच्या गुंडीएवढ्या पांढऱ्या चांदण्या उगवल्या होत्या, पिवळ्या डोळ्यांच्या. त्यांच्या आडोशाला त्याहून बारीक जांभळी फुलं. उभ्या माणसाला यातलं एकही दिसत नव्हतं.

"बोटभरही पाऊस झाला नाही यंदा," एर्लिंडा म्हणाली. "तेवढ्या पाण्यात एवढंच फूल होतं. पण बघा, पाकळी एकही कमी नाही."

हॅल्व्हर्सन अजून उभाच होता. "खाली जाईन हो मी," तो जरा ओशाळून म्हणाला. "पण या वयात वर येणं व्हायचं नाही."

"वर आणायचं माझ्याकडे लागलं. अठ्ठावीस वर्षं गाद्या उलटल्यात."

तिने हात दिला. तो आधी गुडघ्यांवर आला, मग कोपरांवर, आणि शेवटी गाल मातीला टेकवून स्थिर झाला. बऱ्याच वेळाने त्याने फक्त एका फुलाचं नाव विचारलं. तिने सांगितलं. त्याने ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं.

एर्लिंडा उठली, झग्याची माती झटकली. परतायची ठरलेली वेळ कधीच टळून गेली होती. तिने कुणाला सांगितलं नाही. अकराजण मातीत पालथे पडले होते. आपली सावली त्यांच्या फुलांवर पडतेय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती दोन पावलं बाजूला सरकली आणि तिथे ताठ उभी राहिली.