काठ कातरलेला बोकड

मी एक बोकड बोलतोय. दचकू नका, शिंगं केव्हाच गेली. उरलंय ते एक पानभर कातडं, संग्रहालयातल्या काचेखाली. अंगभर अक्षरं आहेत, पण मला वाचता येत नाही. इथल्या विद्वानांना येतं, म्हणून फार उजेड पडलाय असंही नाही!

जिवंतपणी मी भलता खोडकर. धर्मगुरूंची टोपी खाल्ली होती. पुढे मला सोलून, घासून पातळ केलं आणि ख्रिस्ताला मानणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पिढ्यांतल्या एका बुवाने माझ्यावर मयताच्या वेळी म्हणायचं गाणं लिहिलं. नंतरच्या गाणाऱ्यांनी काठावर चालीच्या खुणा केल्या. टिंब म्हणजे सूर चढवायचा, रेघ म्हणजे लांबवायचा. त्यांची तेलकट बोटं फिरली की मला गुदगुल्या व्हायच्या.

मग परक्यांचं राज्य आलं. शिपायांमागून एक विद्वान साहेब आला. मेलेल्या चार भाषा घडाघडा वाचायचा, पण जिवंत माणसाकडे पाणी मागायला दुभाष्या लागायचा. "तुम्हाला हे सांभाळता येणार नाही," म्हणाला आणि मला उचलून इथे, आपल्या देशात घेऊन आला. शेजारी बंदूक उभी असली की कोण हुज्जत घालतो?

त्याचं मत ठाम होतं. खरा धर्म त्या पहिल्या लोकांचा. तो आता साहेबाच्या देशात सुखाने नांदतोय, आणि मधल्या काळात गाववाल्यांनी नुसती घाण केली. म्हणून त्याने माझा काठ कातरून शेगडीत टाकला. वर ग्रंथात लिहिलं, 'चाल तिथल्या लोकांनी हरवली.' पुढचे सगळे विद्वान त्याच ग्रंथावर पोसले.

परवा त्या गावची एक बाई आली. शेजारी इथली अभ्यासक.

"काठ कुठंय हो याचा?"

"तो मूळचा नव्हता, ताई. नंतरच्या लोकांनी गिरबटलं होतं."

"नंतरचे म्हणजे माझेच आजे-पणजे! बाबांना येतं गाणं, पण आता त्यांची जीभ लुळी पडलीय. माझ्या मातीला हेच म्हणा, असं सारखं सांगायचे. मला शेवटच्या ओळीची चाल येत नाही."

"पण चाल तर केव्हाच हरवली. ग्रंथात आहे तसं."

"मग आमचे बाबा काय इतकी वर्षं शिट्ट्या मारत होते?"

मला हसू फुटलं. अभ्यासक ओशाळली. बाई वाईट नाही हो ती. हळूच म्हणाली, "तुमची चाल पुरावा म्हणून धरता येत नाही. पानावर नाही ना ती."

घ्या! पानावरची कातरायची, आणि मग पानावर नाही म्हणायचं. एवढी लबाडी आम्हा बोकडांनाही सुचली नसती.

गावची बाई काचेवर वाकून गाऊ लागली. शेवटच्या ओळीला अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच अडली. मग डोळे पुसून निघून गेली.

ती ओळ मला पाठ आहे. किती मयतांना ऐकली असेल! पण ओरडून सांगायला तोंड कुठून आणू?

बाबा, तुम्हाला अर्ध्या गाण्यावरच जावं लागणार. उरलेलं मी इथे म्हणतोय, मनातल्या मनात. तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही.