झरा म्हणू नका, गळती म्हणा

मी मातीचा बांध बोलतोय. धरण म्हणालात तर माझी छाती फुगेल, पण खोटं कशाला बोलू? माझ्या पाण्यावर ना शेत भिजतं, ना दिवा लागतो. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या टेकड्यांमधल्या एका ओढ्यात आडवा पडून मी तळं धरून ठेवलं, आणि तेही निव्वळ मजेसाठी. लोकांनी गळ टाकून बसावं, होडीत उताणं पडून ऊन खावं, एवढ्यासाठी माझा जन्म.

मला बांधलं एमेट हॉस्किन्सने. त्याच्याकडे मागून आणलेला बुलडोझर होता आणि डोक्यात मासे. माती थराथराने दाबून बसवायला वेळ लागतो. माशांचा हंगाम तर तोंडावर आलेला. त्यामुळे माझं पोट भुसभुशीतच राहिलं. पुढे तळ्याकाठी घरं उठली, घरांची समिती झाली. म्हातारपणी एमेटने वाटणी केली: धाकट्या वर्लिनला तळ्याकाठचं घर, थोरल्या आर्लेटाला माझ्या पायथ्याचं. या वाटणीत काही खोट आहे, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

वर्लिन समितीचा अध्यक्ष झाला आणि माझे लाड सुरू झाले. दर आठवड्याला तो गवत कापायच्या गाडीवर बसून माझी हजामत करी. ग्राउंडहॉग, म्हणजे मांजराएवढी फुगलेली घूसच, माझ्या पाठीत बिळं पाडत होता. वर्लिन त्याला हात हलवून नमस्कार करायचा. तळ्याचं पाणी उतरवायचा व्हॉल्व्ह गंजून गेला; वर्लिनने त्याच्या चाकाला छान हिरवा रंग दिला.

पण खरी गंमत माझ्या पायथ्याशी होती. तिथे एक जागा कायम ओली असायची. वर्लिनने ठरवलं, हा झरा. भोवती आयरिसची जांभळी फुलं लावली, बाक ठेवला, पाटी ठोकली. पाहुणे ओंजळीने पाणी पिऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, काय गोडी आहे! आर्लेटा तर रोज कॉफीला तेच पाणी न्यायची. मला आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. अहो, झरा कसला, ती माझी गळती होती! सगळ्या गावाने ज्यात पाय धुतले ते तळ्याचं पाणी माझ्या पोटातून पाझरून तिथे निघत होतं.

यंदा उन्हाळ्यात राज्याच्या धरण खात्यातली प्रुइट नावाची तरुण तपासनीस आली. बिळांत काठी खुपसली, व्हॉल्व्हचं चाक फिरवून पाहिलं. ते हललं नाही. मग तिने शेरा दिला: अवस्था वाईट.

वर्लिनला तो शेरा झोंबला. "वाईट? बाई, या गवतावर अनवाणी चालून तरी बघा."

"गवत छान आहे, हॉस्किन्ससाहेब. मी बांधाबद्दल बोलतेय."

पाणी आत्ताच निम्म्यावर आणा, ती म्हणाली. हा झरा नाही. आणि हे पाणी कधी गढूळ झालं, तर एक तासही थांबू नका. आतली माती वाहून चालली असं समजा.

ती गेल्यावर समितीची सभा भरली. बटाट्याचं सॅलड आणि पीचची गोड पेस्ट्री खात खात सगळ्यांनी ठरवलं की पोरीला अनुभव नाही. शनिवारी कॅटफिश पकडायची स्पर्धा होती, बाहेरगावाहून माणसं यायची होती. अशा वेळी तळं उतरवायचं? मला या समित्यांची कमाल वाटते. माशांची काळजी आहे, माझ्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईची नाही.

गुरुवारी सकाळी आर्लेटा किटली घेऊन आली आणि वाकलेली तशीच थांबली. पाणी दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसत होतं. तशीच किटली घेऊन ती माझ्या माथ्यावर चढली. वर्लिन गवत कापत होता. तिने किटली त्याच्या नाकाखाली धरली.

"ग्राउंडहॉगने अंघोळ केली असेल," वर्लिन म्हणाला.

"साबण लावून केली वाटतं."

तो हसून पुढे निघाला, आणि मी त्याच्या गाडीचं मागचं चाक गिळलं. थेट आसापर्यंत. वर्लिन आभाळाकडे पाय करून बसला. हे मी मुद्दाम केलं असं सांगायला मला फार आवडेल. खरं म्हणजे तिथे आत मातीच उरली नव्हती.

आर्लेटाने त्याला हात देऊन उठवलं. त्या खड्ड्यात दोघांनी डोकावून पाहिलं. आत पाण्याचा आवाज येत होता.

"ताई, फक्त शनिवारपर्यंत," वर्लिन म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता. "दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

"चालेल. दोन दिवस मी तुझ्या घरी झोपते. तू माझ्या घरी झोप."

वर्लिनने खाली तिच्या घराकडे पाहिलं. दोरीवर तिचे कपडे वाळत होते. प्रुइटबाईंना फोन लावत तो व्हॉल्व्हकडे अक्षरशः पळाला.

हिरवा रंग खरवडून, तेल ओतून, चाकात लोखंडी पाइप अडकवून अख्खी समिती त्याला लोंबकळली. खूप वेळाने ते करकरलं आणि पाणी सुटलं. पाणी उतरेपर्यंत आर्लेटा वर्लिनच्याच घरी राहिली, आणि त्याच्या स्वयंपाकघराला नावं ठेवत राहिली. शनिवारी स्पर्धक आले, तेव्हा समोर चिखल होता आणि चिखलात गुडघाभर रुतलेला अध्यक्ष टोपलीने मासे वाचवत होता.

आज माझ्यामागे तळं नाही, खाचरासारखा चिखल आहे. पोट उकरून ठेवलंय. मला नीट बांधायचं की कायमचं फोडायचं, यावर समिती अजून भांडते आहे. काहींना तर पुढच्या मोठ्या पावसाआधी जरा चिखल थापून तळं पुन्हा भरायचं होतं. तेव्हा आर्लेटाने सभेत एकच सूचना मांडली: ज्याला घाई आहे, त्याने पहिल्या पावसात माझ्या घरी मुक्कामाला यावं, जेवण माझ्याकडून. कोणीही हात वर केला नाही. वर्लिनने तर सगळ्यांत आधी हात खिशात घातले.

मला फोडलं तरी माझी तक्रार नाही; ओढा आपल्या वाटेने जाईल, मी गवताखाली लोळत पडेन. पण तुमच्याही गावाबाहेर माझा एखादा भाऊबंद असेल, हिरवागार, फोटो काढण्याजोगा. त्याच्या माथ्यावर फिरायला जाल तेव्हा तळ्याकडे थोडी पाठ करा. खाली कोणाची चूल पेटलीय ते पाहा. आणि मग विचारा, याला शेवटचं कोणी तपासलं होतं?