मोतीरामची शिकवणी

“तुमच्याकडे ती घुंगरांची काठी असेल ना, जुनी?”

सिनेमा कंपनीच्या चष्मेवाल्यानं दारातच विचारलं आणि देवमन मास्तरच्या कपाळावर आठी पडली. बार्शीटाकळीजवळचं एवढं मोठं गाव पडलं होतं. हा बुवा नेमका बौद्धांच्या वस्तीतच कसा आला?

“छप्पन साली चुलीत घातली. काहून?”

“पन्नास वर्षांपूर्वीच्या काळावरची कादंबरी आहे, तिच्यावर सिनेमा काढतोय. महाराचं काम करणारा आमचा नट पुण्याचा. तुमच्या वडिलांनी त्याला त्या वेळची रीत शिकवावी.”

“येतो ना मी!” खाटेवरचा मोतीराम टुणकन उठला.

झालं! म्हाताऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरे होतं. शिकवणी कसली न्‌ काय कसली! ऐन वेळी यालाच वाकवतील आणि धर्मांतरापासून सात वर्षं ताठ ठेवलेली मान भर गावासमोर खाली जाईल. देवमननं शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बापाच्या मागोमाग गढीवर गेला.

शूटिंग बघायला तिथं जत्राच लोटली होती. नट गढीच्या पायरीशी गेला आणि झकास वाकला.

“बाबा, बरोबर?” दिग्दर्शकानं विचारलं.

“एवढ्या जोळ नाही. मांगं हटा. आनखी मांगं.”

नट हटत हटत उकिरड्यापलीकडे उन्हात गेला. कॅमेरावाला वैतागला. “अहो, आता तो दिसतच नाही!”

“आमी बी दिसत नोतो,” मोतीराम म्हणाला.

दिग्दर्शक खूश झाला. “वा! मग तुम्हीच एकदा करून दाखवा, बाबा. वाकून, तो जोहार. आवाजासकट.”

आला बेट्याचा डाव! गढीवरून पाटलाची माणसं माना काढून बघत होती. म्हातारा उठला, धोतर सावरलं, दोन पावलं पुढंही गेला. देवमननं डोळे मिटून घेतले.

“ते नाही येत मले.”

“अहो, आत्ता तर सगळं सांगितलंत!”

“तेवढंच इसरलो,” मोतीराम म्हणाला आणि घराकडं चालू लागला.

देवमनला बापावर संशय घेतल्याची लाज वाटली, पण आनंद काही पोटात मावेना. “लय भारी केलं, बाबा! पन खरंच इसरले का?”

म्हातारा थांबला.

“झोपेत अजून येते जोहार तोंडातून, बाप्पा. तुही माय हालवून जागं करते मले.”