आधीची धूळ

घरजावयाला घरात दोन कामं असतात. जेवताना मान खाली घालायची आणि दार करकरलं की तेल सोडायचं. मी सुतार असल्यामुळे दुसऱ्या कामाला अंत नाही. सासूबाई मला जावईबापू म्हणतात, पण ती हाक अशी येते की बापूने करवत घेऊनच हजर व्हावं. माझी बायको म्हणते, आईचं प्रेम आहे ते. असेल. काही लोकांचं प्रेम ओळखायला साक्षीदार लागतात.

त्यांचं साक्षीदारांशिवाय दिसणारं प्रेम एकाच माणसावर, माझ्या सासऱ्यांवर. त्यांना सगळे मुकादम म्हणतात. आयुष्यभर त्यांनी खडीच्या क्रशरवर मुकादमी केली आणि तिथली धूळ छातीत घेऊन घरी आले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "फुप्फुसं काही नवी मिळणार नाहीत. हवा तेवढी बदलून बघा." मग सासूबाईंनी शहरातलं घर सोडलं, आम्हा दोघांना सामानाबरोबर उचललं आणि वस्तीच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी हे घर घेतलं. हवा खरंच मानवली. मुकादम फाटकापर्यंत चालत जाऊ लागले आणि परत आल्यावर त्यांच्याकडे एखादा विनोद करण्याइतका श्वास उरू लागला. "जावईबापू, तुमच्या रंध्यापेक्षा माझी छाती जास्त वाजते," असं काहीतरी. विनोद साधेच असायचे, पण सासूबाई त्या एकासाठी फाटकाकडे डोळे लावून बसायच्या.

मग फाटकावर नोटीस चिकटली. टेकडीवर दगडखाण आणि खाली खडीचा क्रशर प्रस्तावित आहे. पर्यावरणाचा अभ्यास होईल, त्यानंतर जनसुनावणी, त्यानंतर परवान्याचा निर्णय. सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "टेकडी फुटली तर हे जातील." डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त जरा सभ्य शब्दांत.

खाणीच्या जागेला सर्वांत जवळचं घर आमचं, त्यामुळे धूळ मोजायचं मशीन आमच्याच गच्चीवर आलं. छोट्या कपाटाएवढी पेटी, आत पंखा आणि पंख्यापुढे पांढरा कागद. पंखा हवा ओढायचा, धूळ कागदावर बसायची आणि कागद वजनाला जायचा. तो अभ्यास करणाऱ्या सल्लागार कंपनीचा माणूस रोज सकाळी येऊन तो बदलायचा. बोलायचा कमी. "मशीनला हात लावू नका," एवढंच त्याने पहिल्या दिवशी बजावलं.

"हात कोण लावतंय?" तो जिना उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, आणि मला हाक आली.

त्यांचा बेत असा होता. "धूळ मोजतायत ना? मग मोजू दे की पोटभर. इथे आधीच एवढी धूळ आहे म्हटल्यावर आणखी उडवायचा परवाना देईल कोण?"

"आई, पण ते मशीन नेमकं कशासाठी लावलंय, एकदा त्यालाच विचारू या की."

"हो, आणि चोराला विचारू या, कुलूप कुठलं लावू? तुम्ही तुमचा पॉलिश पेपर आणा."

तर्क चोख होता. आजही मला त्यात खोट सापडत नाही. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी ओतू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मला शंका होती. पण घरजावयाची शंका म्हणजे पाहुण्याची चप्पल, ती दाराबाहेरच ठेवायची असते. मी फळ्या घेऊन वर गेलो.

सासूबाईंनी बैठकीतला गालिचा कठड्यावर टाकला आणि काठीने झोडपायला घेतलं. त्यांच्या अंगात इतका जोर आहे हे मला तेव्हा कळलं, आणि यापुढे त्यांच्याशी जरा जपून वागायचं मी ठरवलं. मी फळ्या घासत होतो. शेजारची बाई, जिला आम्ही सगळे बिनतारी म्हणतो, आवाज ऐकून आपली पायपुसणी घेऊन आली. जुन्या गाद्या आल्या, पडदे आले. माझी बायको आधी जिन्यात उभी राहून कपाळाला हात लावत होती, मग तीही झाडू घेऊन वर आली. चौघंही पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे दिसत होतो. बिनतारी शिंकली की सासूबाई म्हणायच्या, "मशीनकडे तोंड करून शिंक!" आणि आम्ही हसता हसता खाली बसायचो. त्या घरात मी एवढा कधीच हसलो नव्हतो. मशीनचा कागद बदलत राहिला तोवर रोज हाच उद्योग चालला.

मुकादम खाली त्यांच्या खोलीत. खिडकीला ओली चादर लावलेली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. तरी धूळ शिरायचीच. "थोडी कळ काढा," सासूबाई दारातून सांगायच्या, "मग जन्माची सुटका."

मशीनवाल्याने शेवटचा कागद काढला तेव्हा तो चहाच्या गाळण्यासारखा दिसत होता. त्याने कागदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "इथे रोज असंच असतं?"

"रोज!" सासूबाई म्हणाल्या. "काय सांगू तुम्हाला."

त्याने तेही टिपून घेतलं.

"सुंठीवाचून खोकला गेला," संध्याकाळी सासूबाई आरामात बसत म्हणाल्या. आत मुकादम खोकत होते.

जनसुनावणी सभागृहात झाली. समोर टेबलामागे सुनावणी अधिकारी, मध्यम वयाच्या, थकलेल्या डोळ्यांच्या बाई. बाजूला पडद्यावर सल्लागाराचे आलेख. सासूबाई माझ्या शेजारी, ठेवणीतल्या कपड्यांत. मुकादमांना आणणं शक्यच नव्हतं.

"सर्वांत जवळच्या घरापाशी," सल्लागार म्हणाला, "हवेतली धूळ आजच लक्षणीय आहे."

सासूबाईंनी मला कोपर मारलं.

"ही स्थिती रोजची असल्याचं रहिवाशांनी स्वतः सांगितलं आहे. घरगुती कारणं असावीत. त्या मानाने खाणीची भर किरकोळ आहे."

मग अधिकारीबाईंनी नियोजित अट वाचली. आवाज कडक ठेवून वाचली. त्यांना बहुधा वाटत होतं, आपण आमच्या बाजूने काहीतरी भरीव करतोय. त्या घरापाशी धुळीचं प्रमाण खाण सुरू होण्याआधी मोजलेल्या पातळीच्या वर कधीही जाता कामा नये. गेलं तर काम बंद.

खाण कंपनीचा माणूस उठला. "मॅडम, अट जड आहे, पण आम्हाला मान्य आहे." आणि नम्रपणे बसला.

मला कळायला एक क्षण लागला. सासूबाईंना माझ्या आधी कळलं. माझ्या बरगडीशी असलेलं त्यांचं कोपर हळूच मागे गेलं. ते मशीन आजची हवा मोजायला आलं होतं. उद्या किती बिघडवायची मुभा आहे, ते त्याच्यावरून ठरणार होतं. आणि ती मुभा आम्ही गाद्या झोडपून झोडपून उंचावर नेऊन ठेवली होती.

सासूबाई उभ्या राहिल्या. "ती धूळ खरी नाही. ती मी केली. गालिचे झोडपले."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आजी, म्हणजे तुम्ही मोजणीत ढवळाढवळ केलीत?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"केली. माझ्या नवऱ्याला श्वास घेता यावा म्हणून केली. आता पुन्हा मोजा."

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. "मोजणीची मुदत संपली आहे. हे लिहून घेतलं तर कंपनी म्हणेल, अहवाल विरोधात गेला म्हणून तुम्ही आता शब्द फिरवताय. बघा, लिहू का?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. बाई वाईट नव्हत्या, आणि मला राग आला तो याचाच. वाईट माणूस असता तर निदान घरी येईपर्यंत शिव्या तरी देता आल्या असत्या.

निकालपत्रात सासूबाईंच्या वाट्याला एक ओळ आली: उशिरा केलेलं, पुरावा नसलेलं विधान. परवाना मंजूर. "हात दाखवून अवलक्षण," बिनतारी सगळ्या वस्तीला सांगत फिरली. स्वतःची पायपुसणी मात्र तिने सांगण्यातून वगळली. मी वर अपील करून बघितलं. वरच्यांनी खालच्यांचं वाचलं आणि खालच्यांसारखंच लिहिलं.

टेकडी फुटू लागली. सुरुंग, मग क्रशर, मग ट्रक. खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल असा थर बसायचा. सासूबाई तक्रार करायच्या, मशीनवाला यायचा, कागद लावायचा, कागद राखाडी निघायचा. "मर्यादेत आहे, आजी," तो खाली बघून सांगायचा. आमच्या गाद्यांची बरोबरी करायला खाणीला अजून बराच वाव होता.

मुकादमांचं फाटक सुटलं. मग अंगण सुटलं. मी त्यांच्या खोलीच्या फटी रबराच्या पट्ट्या ठोकून बंद केल्या. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत नेटकं काम ते, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. ऑक्सिजनचं मशीन उशाशी आलं. दुसरीकडे हलवावं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, आता प्रवास झेपायचा नाही.

गालिच्यांचं आम्ही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी खिडकीची पट्टी बदलत असताना सासूबाईंना ते सहन झालं नाही. पलंगाशी उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. "मी केलं हे. माझ्या हाताने."

"माहीत आहे," मुकादम म्हणाले. एकेका शब्दाला थांबत होते. "मशीन आणलं... तेव्हाच कळलं. आधीची धूळ... मोजतात. आमच्या इथेही... मोजायचे."

सासूबाई त्यांच्यावर वाकल्या. "मग थांबवलं का नाहीत मला?"

"परवाना... अडलेली खाण... मी नाही पाहिली. असंही देणारच... होते." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "आणि तू वर... हसत होतीस. किती वर्षांनी."

मला वाटलं, सासूबाई रडतील. त्या संतापल्या. "माझं हसणं? मी तुमच्या श्वासासाठी झोडपत होते, आणि तुम्ही खाली ऐकत पडलात?"

"बरं वाटत होतं."

"म्हणजे तुम्ही आधीच हात टेकले होते. आणि मी एकटीच..." त्यांनी पलंगाची कड धरली. मी हातोडी खाली ठेवली, पण जावं की थांबावं ते मला सुचेना.

मुकादमांनी हात पुढे केला. सासूबाईंनी बराच वेळ तो घेतला नाही, मग घेतला. "आता बोलू नका," त्या म्हणाल्या.

एवढं बोलायला त्यांचा जो श्वास गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून ते हो-नाही मानेनेच सांगू लागले.