हत्यारासकट माप

"हात वर करा काका. अजून वर. आता जरा वाका," हितेश म्हणाला आणि मोबाइल समोर धरून हसायला लागला.

अनंता टेलर वाकला. त्याच्या कमरेला उजवीकडे हितेशचं चौदा लाखांचं पिस्तूल खोचलेलं होतं आणि डावीकडे हितेशच्या चुलतभावाचं, भूपेशचं, सव्वा लाखाचं रिव्हॉल्वर. गेली पस्तीस वर्षं अनंता दापोड्यातल्या माणसांना ताठ उभं करून त्यांची मापं घेत आला होता. आज मात्र गिऱ्हाइकं खुर्चीत आणि टेलर दुकानाच्या मधोमध, असा उलटा कारभार चालला होता. गोळ्या काढल्यात असं दोघांनी शपथेवर सांगितलं होतं, तरी तो पोट आत ओढूनच श्वास घेत होता. हर्नियाच्या ऑपरेशनच्या जुन्या व्रणावर ते लोखंड थंडगार टेकलेलं होतं.

"आता सांगा, रोज लावून फिरायला कुठलं बरं?" भूपेशने विचारलं. "हा माझ्याला खलबत्ता बोलतो."

"खलबत्ताच हाय तो. सरकारी कारखान्यातला," हितेश म्हणाला. "माझं इंपोर्टेड. बाहेरून आणायला बंदी हाय, म्हणून जुन्या पीसला एवढा भाव. पातळ बघ किती. कमरेला हाय का न्हाय, समजत पण न्हाय."

"पण तुझं अडकतं. माझं सहा वेळा दाबलं की सहा वेळा उडणार."

"तू उडवलंस कधी?"

"तू उडवलंस?"

दोघांपैकी कुणीच उडवलं नव्हतं. गोदामांची भाडी घेणं, जिम आणि हायवेवरचं हॉटेल, एवढाच दोघांचा दिवस. त्यांच्या जिवावर कुणी उठल्याचं दापोड्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण लायसन मिळालं होतं, आणि मिळालेली वस्तू घरात ठेवायची सवय या पोरांना नव्हती.

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन शाळेच्या युनिफॉर्मचं माप द्यायला पायरी चढली. टेलरच्या कमरेला दोन्ही बाजूंना मुठी पाहून तिने पोरीला मागे ओढलं, "मागाहून येते," म्हणाली आणि गेली. मागच्या कोपऱ्यात तुरपाई करत बसलेल्या काशीने, अनंताच्या बायकोने, भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याची ही शोभा तिला बघवत नव्हती.

"शनिवारी दीपेशची हळद," हितेश मुद्द्यावर आला. दीपेश त्याचा धाकटा भाऊ. "आम्हा दोघांची पँट-शर्ट शिवायची. माप हत्यारासकट घ्या. ही गाळ्यांची लाइन पाडून नवीन गोदामाचं गेट काढायचंय, ते तुम्हाला माहीत हाय. काम मनासारखं झालं तर तुमचा गाळा सोडून गेट पलीकडून काढू."

गाळा हितेशच्या घरचा. याच हितेशची पहिलीतली खाकी हाफपँट अनंताने याच गाळ्यात शिवली होती, तेव्हा पोरगं मापाला उभं राहताना नाक पुसत होतं. आता त्याला शेठ म्हणावं लागत होतं.

"व्हईल शेठ," अनंता म्हणाला.

त्याने दोन्ही हत्यारं कमरेतून काढून कटिंगच्या टेबलावर ठेवली. टेबलावर पांढरं पॉपलिन पसरलेलं होतं. त्याला रिव्हॉल्वरच्या तेलाचा पिवळट डाग पडला. मग एकेकाला उभं करून त्याने टेप लावला. रिव्हॉल्वर मधोमध फुगीर, त्याला कमरेत दीड इंच जादा द्यायला हवं, शिवाय वजनाने पँट एका बाजूला ओघळणार, म्हणजे पट्टीत बकरमचं कडक कापड दुहेरी. पिस्तूल चपटं, त्याला पाऊण इंच पुरे, आणि चुणी थोडी मागे सरकवली की ते अंगासरशी बसेल. हे सगळं त्याच्या डोक्यात आपोआप जुळत गेलं. हात खडूकडे गेलासुद्धा. महाग हत्यारावरचा कपडा शिवायला सोपा, हे त्याला मनापासून पटलं, आणि पटलं याचीच त्याला शिसारी आली. त्या दोन पोरांपेक्षा या घडीला त्याला स्वतःच्या बोटांची जास्त किळस वाटत होती.

ते दोघे गेल्यावर काशी म्हणाली, "हळदीत बायका असतात, ल्हान पोरं असतात. तिथं ही थेरं?"

"म्हणून तर नीट शिवतो. कोनाला दिसायला नको."

दोन दिवस त्याने दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही. आतून जाड अस्तराचा खिसा, दुहेरी बकरम, शर्टाला बगलेखाली जरा जास्त घेर. शुक्रवारी दोघे ट्रायलला आले. हत्यारं खोचली, शर्ट वर सोडले आणि आरशासमोर उभे राहिले. हितेश या कुशीला वळला, त्या कुशीला वळला. कुठे फुगवटा नाही की सुरकुती नाही. अनंताला या दोन दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

"कुठाय?" हितेशने विचारलं.

"काय?"

"पिस्तूल. दिसतच न्हाय."

"मंग बरोबर बसलं ना. असली वस्तू झाकायचीच असते, शेठ."

भूपेश टाळी वाजवून हसला. "म्हणजे चौदा लाख आणि सव्वा लाख एकच झालं की. काकांनी दोघांना एका लायनीत बसवलं."

हितेश हसला नाही. "चौदा लाख मी झाकायला घातले का? उद्या सगळी भिवंडी येणार हळदीला. शर्ट आखूड करा. नाचताना हात वर गेला की मूठ दिसली पाहिजे. खिसा पण वर घ्या."

"शेठ, बायका-पोरं—"

"काका, गाळा ठेवायचाय ना?"

अनंता मशीनवर बसला. स्वतःच घातलेले टाके ब्लेडने उसवताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. अस्तर निघालं, खिसा वर चढला, शर्ट तीन इंचांनी कमी झाला. दोघांनी हात वर केले. दोन्ही मुठी दिसल्या. एक चकचकीत, एक काळपट. भाव कळत होता. हितेशने मान हलवली आणि इस्त्री करून संध्याकाळी घरी पाठवायला सांगितलं.

इस्त्रीच्या आधी अनंताने दोन्ही शर्टांच्या कॉलरखालचं 'अनंता टेलर, दापोडे' हे लेबल उसवून काढलं. पँटींचंही काढलं. काशीने ते पाहिलं. कपडे तिने स्वतः नेऊन दिले नाहीत, शेजारच्या महादूच्या हाती पाठवले.

हळदीला अनंता आणि काशी गेले नाहीत. रविवारी सकाळी दुकान उघडतानाच फोन आला. हितेशचा आवाज बसलेला होता, पण खूश होता.

"काका, एक नंबर काम. सगळे विचारत होते, कोनी शिवलं. लेबल बघितलं तर न्हाय, विसरलात वाटतं तुम्ही. पण मी नाव सांगितलं तुमचं. स्टेजवरून, माइकवर. आज वडप्याचे तिघे येतील, टेमघरचा एक हाय. चौघांकडं सामान हाय. हत्यारासकट मापं घ्या. आणि गाळ्याचं टेन्शन सोडा, गेट पलीकडून काढतोय."

"बरं," अनंता म्हणाला आणि फोन ठेवला. तो बाहेर जाऊन थुंकून आला.

"गाळा राहिला?" काशीने विचारलं.

"राहिला."

तिने सुटकेचा श्वास टाकला. पण अनंता खुर्चीत बसला नाही. त्याने गळ्यातला टेप काढला आणि मशीनला आडवा लावला, मग उभा. आकडे पाटीवर लिहिले. कटिंगच्या टेबलाचंही चारी बाजूंनी माप घेतलं. मग चपला घालून तो मागच्या गल्लीतल्या आपल्या घराकडे निघाला. काशी पाठोपाठ आली. तो घराच्या दाराला टेप लावून उभा होता.

"काय मोजताय?"

"मशीन आत येते का बघतो."

काशी उंबऱ्याशी थांबली. गल्लीच्या तोंडाशी दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन लागली होती आणि हॉर्न देत होती.

"हितेशला काय सांगाल?"

"गेट इकडूनच काढ म्हनून सांगतो."

त्याने टेप पुन्हा एकदा दाराला लावून पाहिला. मशीन तिरकी केली तर येत होती. टेबल कसंही फिरवलं तरी येत नव्हतं.

"टेबल न्हाय यायचं," काशी म्हणाली.

"खाली बसून कापीन," अनंता म्हणाला.