सापडलेल्या वस्तूंची चौकी

त्या डोंगरातल्या गावात सकाळी धुकं उतरलं की दुपारपर्यंत हलायचं नाव घेत नसे. चौकीचा लाल दिवा तेवढा दिसायचा, आणि त्याच्याखाली ओरिहारा, गावचा एकुलता एक पोलीस. शेजारच्या खोऱ्यातले दोघे नोकरी सोडून गेले, नवं कोणी यायला तयार नाही, म्हणून ती गावंही याच्याच गळ्यात. माणूस पार पिचून गेला होता. राजीनामा देणार, हे त्याने वरच्या नुमाता साहेबांच्या कानावर घातलंही होतं.

त्यात गावाला वस्तू सापडण्याचं वेड लागलेलं. कोणी छत्री आणून देई, कोणी चष्मा, कोणी एकच चप्पल. सापडलेली वस्तू चौकीत द्यायची ही तिकडची रीतच. तिची नोंद करायची, मालक शोधायचा, नाही मिळाला तर तीन महिने जपून ठेवायची.

आज किनुए आजी किटली घेऊन आल्या.

"देवळाच्या पायरीवर सापडली बाई!"

"आजी, परवा याच किटलीतून तुम्ही मला चहा पाजलात."

आजींचा चेहरा पडला. "काम नसेल ती चौकी बंद करणार म्हणे. मग आम्ही ठरवलं, तुला कामाची वाण पडू द्यायची नाही. चोऱ्यामाऱ्या काही या वयात जमत नाहीत रे आम्हाला!"

ओरिहाराला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "आजी, या कामानेच मी मेटाकुटीला आलोय. नोकरी सोडतोय मी."

आजी किटली उचलून धुक्यात निघून गेल्या.

त्यानंतर चौकीत कोणी आलं नाही. ओरिहाराला खुर्चीतच डोळा लागला. चौकी पाण्यावर अलगद तरंगत निघालीय, घरं मागे पडताहेत, आणि काठावरून कोणी हाक मारत नाहीये, असं काहीतरी त्याला दिसत होतं. मग त्या पाण्यापलीकडून बोलणं ऐकू यायला लागलं.

"हळू! झोपलाय तो."

"अगं, माझी मांजर झाडावर चढलीय."

"मग उतरेल की. त्याला उठवलंस तर बघ!"

त्याने डोळे उघडले. दाराबाहेर बाकावर किनुए आजी पहाऱ्याला बसल्या होत्या. काम नसलं तर चौकी जाणार, हे ठाऊक असूनही आजी येणाऱ्यांना परत पाठवत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. नुमाता साहेब होते.

"काय रे, आज काही काम?"

ओरिहाराने दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"नाही ना? मग लावू या कुलूप. तसाही तू निघालायस."

त्याने खिशातला स्वतःचा हातमोजा काढून टेबलावर ठेवला.

"आहे साहेब. एक हातमोजा सापडलाय. डाव्या हाताचा."

"कुणाचा?"

"माहीत नाही." वर्दी अंगात असताना तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता. "तीन महिने सांभाळावा लागेल. मी थांबतो, साहेब."