दिवाणखान्यात बसवलेले इंजिन

मित्रांनो, मी एक जुन्या घाटाचे नवे इंजिन आहे. माझ्या आजोबांच्या पिढीतली आठ सिलेंडरची इंजिने पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या रुंद, दणकट मोटारींत बसवत. पेट्रोल ती घटाघटा पीत आणि गल्लीच्या टोकाला असली तरी घरात ऐकू येत. पुढे जग काटकसरी झाले आणि ती बनवणे थांबले. काही वर्षांपूर्वी त्याच कारखान्याला त्यांची आठवण आली. जुने आराखडे काढून हुबेहूब तशी शंभर इंजिने घडवायची, एकही जास्त नाही, असे ठरले. त्यातला मी चौसष्टावा. तो आकडा माझ्या अंगावर कोरलेला आहे आणि त्याचा मला फार गर्व होता, हे आधीच कबूल करतो.

मला मागवले कुवेतच्या अबू नासिर यांनी. तरुणपणी घेतलेली त्यांची निळी मोटार इंजिनाविना पडून होती. अर्दिया भागातल्या त्यांच्याच गॅरेजात मुस्तफा नावाचा मेकॅनिक तिचे पत्रे ठोकून, रंग घासून तिला पुन्हा उभी करत होता. मुस्तफा मूळचा हर्णै बंदराचा. बावीस वर्षे तो याच मालकाच्या गॅरेजात होता. सगळे अबू नासिरना अरबाब, म्हणजे मालक, म्हणत, म्हणून तोही म्हणे.

माझी पेटी उघडली आणि अबू नासिर माझ्या प्रेमातच पडले. मोटारीत बसवायचे सोडून त्यांनी मला दस्मानच्या घरी नेले. तिथे समुद्राकाठी त्यांचा दिवाणखाना आहे. संध्याकाळी मित्र जमतात, कहवा फिरतो, गप्पा चालतात. मधोमध लोखंडी स्टँडवर मला बसवले. "एखाद्या चांगल्या दिवशी मोटारीत घालू," असे ते म्हणाले. तो चांगला दिवस तीन वर्षे आलाच नाही.

मला मात्र मजा वाटत होती. येईल तो पाहुणा माझ्याभोवती फिरे, हात लावायला धजत नसे. अबू नासिरना तर भारी हौस. ते माझे स्पार्क प्लग काढून भोकांतून टॉर्च मारत आणि आतले चकचकीत पिस्टन दाखवत. प्लग शेजारी खजुराच्या तबकात पडून राहत, कधी आठवडा, कधी दोन आठवडे. थंड केलेल्या खोलीचे दार उघडले की समुद्राची दमट हवा आत येई आणि मला आतून घाम फुटे. मी एकदाही धडधडलो नव्हतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत होती, पण कौतुकापुढे ते सुचते कोणाला?

अखेर अबू नासिर यांच्या मुलाचे, नासिरचे लग्न ठरले. नवरदेवाला त्याच निळ्या मोटारीतून न्यायचे म्हणून मला अर्दियाला आणले. मुस्तफाने माझ्या मुख्य दांड्याला लांब पाना लावला आणि जोर केला. मी हललो नाही. त्याने पुन्हा जोर केला. आत गंज धरून माझे पिस्टन चिकटले होते. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

शेजारी काम करणारा अशरफ हळूच म्हणाला, "मुस्तफाभाय, कंपनीवर ढकला. सांगा, पीसच खराब आला. अरबाब पण खूश, आपण पण सुटलो."

मुस्तफा पाना धरून तसाच उभा राहिला. "ह्याचा काय गुन्हा हाय? माझा बाप पावसाळ्यात होडी शाकारून ठेवायचा, तरी दर जुम्म्याला तिचं इंजिन हातानं फिरवायचा. उभं इंजिन कुजतं, हे मला पोरवयापासून ठावं. तीन वर्षं मी तोंड शिवून बसलो."

"मग आता उघडणार? अकामा त्यांच्या हातात हाय. उद्या घरी पाठवतील."

कुवेतमध्ये राहायचा परवाना, तो अकामा, मालकाच्या सहीवर चालतो. मालकाची चूक मालकाला सांगणे म्हणजे काय, हे गॅरेजातल्या प्रत्येकाला कळत होते. मुस्तफाने खोटे सांगितले, तर मला परत पाठवून भंगारात टाकणार होते. तरी त्यासाठी त्याला दोष देण्याचेही बळ माझ्यात नव्हते.

दुपारी अबू नासिर आले. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारले, "सच बोलो मुस्तफा. किसने खराब किया?"

"अरबाब, प्लग आपने खोले," मुस्तफा म्हणाला. "अंदर हवा गया, जंग लगा. लेकिन मेरेको मालूम था. मैं चुप रहा. गलती मेरा भी है."

अशरफने मान खाली घातली. अबू नासिरनी पांढऱ्या अंगरख्याची बाही वर सारली. "ठीक करना आता है?"

"टाइम लगेगा."

माझ्या आठही सिलेंडरांत पातळ तेल ओतले. रोज दोघे मिळून पाना धरत, एक इंच पुढे, एक इंच मागे. जोर करायचा नाही, असे मुस्तफा सांगे आणि अरबाब ऐकत. नवव्या दिवशी मी कुरकुरत एक पूर्ण फेरा फिरलो. एका सिलेंडरच्या भिंतीवर डाग राहिला तो राहिलाच. आजही मी थोडे तेल खातो. नासिर लग्नाला दुसऱ्याच गाडीने गेला.

लग्नानंतरच्या आठवड्यात त्यांनी मला मोटारीत बसवले आणि चावी फिरवली. मी खोकलो, धूर सोडला आणि गरजलो. त्या क्षणी मला कोरलेला आकडा आठवलासुद्धा नाही. अबू नासिरना आनंद आवरेना. ते पायाखालची वेगाची पट्टी आणखी दाबू लागले.

"अरबाब, ठंडा है अभी," शेजारी बसलेला मुस्तफा लगेच म्हणाला. "पैर उठाओ."

अबू नासिरनी निमूट पाय उचलला.

मित्रांनो, आवडती वस्तू जपा, पण तिला काम करू द्या. आणि घरात, गॅरेजात, कुठेही, ज्याला कामातले कळते त्याला भीती न वाटता बोलता येईल असे वागा. मला तेलाने मोकळे केले हे खरे, पण त्याआधी एक माणूस खरे बोलला होता.